गुणवत्तांक आणि टिकाऊपणा : लवचीक पारदर्शक वाहकांच्या मूल्यमापनाविषयी

कामठीपुढे कन्हान नदी ओलांडून मनसरकडे निघाले की नागपूर जिल्ह्याचा मँगनीजचा पट्टा लागतो. तेथील खनिज काळे आहे, आणि हा काळेपणा पारदर्शक वाहकांच्या अभ्यासकाला एक उपयुक्त धडा देतो. मँगनीजच्या आयनातील डी-कवच अर्धवट भरलेले असते व त्यातील इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाश शोषून घेतात. इंडियम, कथिल, जस्त व कॅडमियम यांच्या ऑक्साइडांत हे कवच पूर्ण भरलेले असते, आणि वहन होते ते त्यावरील, दूरवर पसरलेल्या एस-कक्षांच्या पट्ट्यातून. पारदर्शकता आणि वाहकता हे परस्परविरोधी गुण एकत्र नांदतात ते यामुळे. कॅडमियम ऑक्साइडच्या पातळ थरात ही जोडी प्रथम १९०७ साली कार्ल बेडेकर या जर्मन शास्त्रज्ञाला आढळली. (आडनाव ओळखीचे वाटले तरी त्याचा कोकणाशी संबंध नाही.)

या जोडीचे मोल एका आकड्यात सांगण्याचा मोह अभ्यासकांना पुढे पडला. फ्रेझर व कुक यांनी १९७२ मध्ये पारगम्यतेला पृष्ठरोधाने भागले. पण या मापाने थर जाड करीत गेल्यास गुण वाढतच जातो आणि पारगम्यता सुमारे ३७ टक्क्यांवर आल्यावर तो सर्वाधिक होतो. असा थर पडद्याला काय कामाचा? हाके यांनी १९७६ मध्ये पारगम्यतेचा दहावा घात घेतला, त्यामुळे सर्वोत्तम बिंदू ९० टक्क्यांच्या आसपास आला. येथे दहा हा आकडा निसर्गाचा नियम म्हणून आलेला नाही. तो सोयीने निवडलेला आहे. तथापि आज निबंधामागून निबंधात पदार्थांची प्रतवारी याच आकड्याने लावली जाते, आणि लवचीक उपकरणांच्या बाबतीत ती फसवी ठरते. ९० टक्के पारगम्यता आणि १० ओहम पृष्ठरोध असलेल्या थराचा गुणवत्तांक सुमारे ०.०३५ येतो. वारंवार वाकवल्यावर रोध ४० ओहम झाला, तर तो ०.००९ पेक्षाही खाली उतरतो. कोष्टकात मात्र पहिलाच आकडा छापलेला असतो.

वाकवण्याच्या चाचणीचे वर्णनही बहुधा अपुरे असते. अमुक मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वाकवले, एवढे सांगून काही कळत नाही. पृष्ठभागावरील विकृती ही ढोबळमानाने आधारपट्टीची जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट इतकी असते. १२५ मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टर पट्टी ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली की विकृती १.२५ टक्के होते; २५ मायक्रॉनची पट्टी घेतली तर तीच ०.२५ टक्के. इंडियम-कथिल ऑक्साइडचा थर एक-दोन टक्क्यांच्या विकृतीला तडकू लागतो. म्हणजे दुसऱ्या प्रयोगात थर तगला याचे श्रेय त्या पदार्थापेक्षा पट्टीच्या पातळपणाला अधिक आहे. शिवाय पट्टी पुन्हा सपाट केली की तडे मिटल्यासारखे होतात व रोध पुष्कळसा पूर्ववत होतो. सपाट अवस्थेतच मोजणाऱ्याला हा दोष दिसणार कसा?

महाराष्ट्रात या विषयाचा मोठा अभ्यास कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारणी-अपघटन पद्धतीने झाला. पी. एस. पाटील यांचा १९९९ चा आढावा या पद्धतीची बहुपयोगिता दाखवतो आणि तो आजही वाचनीय आहे. लवचीकतेचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. त्यासाठी त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र त्या परंपरेतील कृती जशीच्या तशी उचलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की कथिल ऑक्साइडचा चांगला थर फवारण्यासाठी काच ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. पॉलिएस्टरला १५० अंशही जड जातात. काचेवर सिद्ध झालेली पद्धती पट्टीवर चालेल हे गृहीत न धरता दाखवून द्यावे लागेल.

या दृष्टीने गि. उ. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात केलेले काम विशेष लक्षणीय आहे. वाळताना तडकणाऱ्या लेपातील भेगाच त्यांनी साचा म्हणून वापरल्या, त्यांत धातू भरला व उरलेला लेप धुऊन टाकला. मागे उरते ती धातूची सलग जाळी. ऑक्साइडचा जो शत्रू, तोच येथे कारागीर झाला. धातू ताण सोसतो, म्हणून ही जाळी वाकवल्यावरही वाहती राहते. गुणवत्तांकाच्या कोष्टकात या फरकासाठी रकानाच नाही.

टिकाऊपणाची प्रचलित कसोटी म्हणजे ८५ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास. कसोटी कठोर आहे खरी, पण ती एकसुरी आहे. कन्हानच्या छपरावर बसवलेल्या लवचीक सौरपट्टीला मे महिन्यात ४५ अंशांपलीकडची कोरडी हवा सोसावी लागते आणि काही आठवड्यांतच पावसाची सततची ओल. पॉलिएस्टर ऑक्साइडपेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून प्रत्येक दिवस-रात्र हे जोडाला दिलेले एक लहानसे वाकणेच होय. चांदीच्या सूक्ष्म तारांची अडचण निराळी. गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते हे घराघरांत ठाऊक आहे, आणि कन्हान-कामठीच्या कोळसाखाणी, कोराडी व खापरखेड्याची औष्णिक केंद्रे याच टापूत आहेत. तेथील हवेतील अशा वायूंची मोजदाद, आलटून पालटून दिलेली कोरडी व दमट आवर्तने आणि वाकलेल्या अवस्थेतच घेतलेला रोध, या तीन नोंदी निबंधात असल्या तर त्या पट्टीविषयी कन्हानला उपयोगी पडेल असे काही सांगता येईल.