शब्द वगळून लेनन

बिल फ्रिसेल या अमेरिकन गिटारवादकानं 2011 मध्ये जॉन लेननच्या सोळा गाण्यांचा अल्बम काढला आणि त्याला नाव दिलं ‘ऑल वुई आर सेइंग...’. म्हणजे, आमचं म्हणणं इतकंच. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत त्यात कुणी तोंडातून एक अक्षर काढत नाही. फ्रिसेलची गिटार, ग्रेग लाइझची पेडल स्टील, जेनी शाइनमनचं व्हायोलिन, टोनी शेरचा बास आणि केनी वॉलसनचे ड्रम्स, एवढीच मंडळी. नावातली ती शेवटची तीन टिंबंच काय ती अल्बमबद्दल खरं बोलतात.

कवितेच्या अनुवादाबद्दल आपण एक वाक्य सवयीनं बोलून जातो: अर्थ आणता येतो, नाद मागे राहतो. इथे नेमकं उलट झालं आहे. नाद आणला आहे आणि अर्थ मागे ठेवला आहे. अनुवाद हाच व्यवसाय असल्यामुळे असेल, पण गेली काही वर्षं हा अल्बम मी संगीत म्हणून कमी आणि अनुवाद म्हणून जास्त ऐकते. त्यातली काही गाणी मला अनुवादाचा उत्तम नमुना वाटतात. काही गाण्यांत मात्र हा प्रकार मुळातच फसतो. दोष फ्रिसेलच्या बोटांचा नाही, गिटारला व्याकरण नसतं त्याचा आहे.

आधी लेननची अडचण समजून घ्यायला हवी. पॉल मॅकार्टनीच्या चाली बिनशब्दांच्याही गुणगुणता येतात. त्या वर चढतात, वळण घेतात, परत घरी येतात. लेननची चाल पुष्कळदा बोलण्याच्या अंगाची असते. तो एका सुरावर ठाण मांडतो, शब्द त्या सुरावरून चालत जातात आणि खालचे कॉर्ड बदलत राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं चाल हलली. हललेली असते ती जमीन. ‘कम टुगेदर’ तर जवळजवळ पुटपुटणंच. अशा गाण्यातून शब्द उचलले तर हातात उरते एकाच स्वराची रांग. म्हणून लेनन वाद्यावर वाजवणं मॅकार्टनी वाजवण्याहून अवघड.

‘जूलिया’ हे याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण. 1968 मध्ये ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात बीटल्सबरोबर डोनोव्हनही होता. त्यानं लेननला बोटांनी तारा छेडायची एक पद्धत शिकवली, आणि त्या नव्या पद्धतीवर लेननला हे गाणं सुचलं. (मी राहते त्या चंडीमंदिरहून ऋषिकेश अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. आता तिथे त्या आश्रमाचे अवशेष तिकीट काढून बघता येतात.) जूलिया ही लेननची आई. 15 जुलै 1958 रोजी मोटारीची धडक बसून ती गेली. मोटार चालवणारा पोलिस होता, कामावर नसलेला. गाण्यात तिच्याबरोबर आणखी एक बाई येते, योको ओनो, पण तिच्या जपानी नावाचा इंग्रजी अर्थ करून, म्हणजे समुद्राशी नातं सांगत. शिवाय खलील जिब्रानचं एक वचन थोडं बदलून घेतलेलं आहे. तेच जिब्रान, ज्यांच्या रूपककथा वि. स. खांडेकरांनी मराठीत आणल्या. तर एका छोट्या गाण्यात मेलेली आई, जिवंत प्रेयसी, जपानी नावाचं भाषांतर आणि एका लेबनीज कवीचं इंग्रजी. अनुवादकानं हात टेकावेत असं हे प्रकरण. आणि चाल? कडव्यांत बहुतेक वेळ एकच सूर.

फ्रिसेल काय करतो, तर तो या सगळ्याच्या बदली काही द्यायला जात नाही. सूर सजवत नाही, रिकामी जागा तानांनी भरत नाही. तोच स्वर पुन्हा येतो तेव्हा तो दर वेळी किंचित वेगळ्या वजनानं, किंचित उशिरा वाजवतो. लेननच्या उच्चारातली व्यंजनं गेली आहेत, पण त्या व्यंजनांमुळे सुराला बसणारे बारीक धक्के राहिले आहेत. शब्दाचा अनुवाद न करता शब्द उच्चारणाऱ्या माणसाचा अनुवाद करायचा, अशी ही रीत आहे. ‘इन माय लाइफ’ आणि ‘ब्यूटिफुल बॉय’ याच रीतीनं जमली आहेत.

आपल्याकडच्या श्रोत्याला ही रीत परकी वाटू नये, आणि तरी वाटते. कारण गिटारवर गाणं ऐकायची आपली सवय वेगळ्या मुशीतली आहे. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या तबकड्या एके काळी घरोघरी होत्या. शिप्लेबरोबर पुण्याचे इनॉक डॅनियल्स ॲकॉर्डियन वाजवत. आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये दोन मिनिटं उरली की यांतलंच काहीतरी लागे. ती गिटार हवाईयन, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांब सरकवत वाजवायची. हवाई बेटांवरचा ताऊ मो 1940 च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिला होता. आपल्याकडे हे वाद्य रुजवणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. मींड काढायची सोय असल्यामुळे आपल्या कानांनी ते लगेच आपलंसं केलं. गांगुलींची गिटार गाणं अक्षरश: गाते. मुखड्यातल्या प्रत्येक अक्षराला एक आघात, शब्द संपतो तिथे श्वास, आणि अंतऱ्याला लताबाईंची नेमकी हरकत. ऐकणाऱ्यानं मनात शब्द म्हणायचे आणि गिटारनं बोट धरून न्यायचं, असा तो करार होता. फ्रिसेलच्या अल्बममध्ये लाइझ जी पेडल स्टील वाजवतो ती याच हवाईयन गिटारची अमेरिकन नात. ‘अक्रॉस द युनिव्हर्स’मध्ये ती सरकत आली की मला हमखास विविध भारती आठवतं. पण करार इथे वेगळा आहे. फ्रिसेल तुमचं बोट धरत नाही. ओळ अर्ध्यात सोडतो, तुम्ही मनात शब्द म्हणत पुढे जाता, आणि मागे वळून पाहावं तर तो अजून आधीच्याच शब्दावर रेंगाळलेला.

मराठीत याच्या उलट खटपट झालेली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 1880 चं ‘संगीत शाकुंतल’ हा कालिदासाचा अनुवादच. त्यातली पदं लोकांच्या कानात आधीच असलेल्या चालींवर बांधली होती. जुन्या नाट्यपदांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचे पहिले दोन-चार शब्द छापलेले असतात. शब्द नवे, चाल जुनी, आणि जुन्या शब्दांची आठवण एवढ्याशा मथळ्यात जपलेली. ती पदं पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही गाणी एकदम वाजत असणार. अनुवाद वाचताना मूळ ऐकू येत राहावं, ही इच्छा आम्हा अनुवादकांना सहसा पुरी करता येत नाही. वाद्यावर गाणं वाजवणाऱ्याला ती आयती मिळते, पण एका अटीवर: ऐकणाऱ्याला मूळ पाठ हवं. ज्यानं लेनन कधी ऐकलाच नाही त्याला हा अल्बम म्हणजे संथ, सुरेल, काहीसा झोपाळू संगीताचा तुकडा. ही उणीव मी मोठी धरते. चांगला अनुवाद मूळ न वाचलेल्यासाठी असतो; हा अल्बम मूळ पुरेपूर वाचलेल्यांसाठी आहे.

आता फसलेल्या जागा. ‘इमॅजिन’ घ्या. योकोच्या 1964 च्या ‘ग्रेपफ्रूट’ या पुस्तकात वाचकाला दिलेल्या छोट्या छोट्या सूचना आहेत, अमुक कल्पना करा, तमुक कल्पना करा. गाणं तिथून आलं, हे लेननच म्हणाला होता, आणि 2017 मध्ये सहगीतकार म्हणून योकोचं नाव अधिकृतपणे मान्य झालं. गाण्याचा कणा आहे आज्ञार्थ आणि नकार: स्वर्ग नाही, देश नाहीत, मालमत्ता नाही अशी कल्पना करा. गिटारला आज्ञार्थ येत नाही आणि नकार तर मुळीच येत नाही. स्वर्ग नाही हे तारेवर कसं वाजवणार? शब्द काढल्यावर उरते ती एक गोड, सभ्य, जराशी देवघरातली चाल. मोठ्या हॉटेलच्या दर्शनी दालनात कुणाच्याही श्रद्धेला धक्का न लावता वाजू शकेल अशी. फ्रिसेल ती सुंदरच वाजवतो, आणि त्यामुळेच नुकसान वाढतं. ‘रेव्होल्यूशन’चंही तेच. मोडतोडीची भाषा करणाऱ्यांनी आपल्याला धरावं की वगळावं, याचा निर्णय 1968 मध्ये लेननचाच होत नव्हता. गाण्याच्या दोन ध्वनिमुद्रणांत त्यानं दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. इथे गिटारचा खरखरीत आवाज आहे, पण प्रश्नच नाही, तर उत्तर कुठलं?

‘मदर’बद्दल माझं मत अजून हलतं. 1970 च्या मूळ गाण्याच्या शेवटी लेनन आईबापांना हाका मारत अक्षरश: किंचाळतो. ऐकवत नाही ते, आणि ऐकवू नये असंच ते केलं आहे. फ्रिसेल किंचाळत नाही. आवाज चढवायला वाद्यं हाताशी असताना चढवत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे मला भेकडपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, दुसऱ्याची किंकाळी आपल्या तोंडून काढायची नाही एवढा संकोच अनुवादकाला असायला हवा. पण हेही पूर्ण पटत नाही, कारण त्या किंकाळीशिवाय ते गाणं कुणाचंही होऊ शकतं.

अल्बम संपतो ‘गिव्ह पीस अ चान्स’वर, शीर्षक त्यातूनच आलं आहे. 1 जून 1969 रोजी माँट्रिअलच्या एका हॉटेलच्या खोलीत, पलंगावर बसून, जमलेल्यांना कोरसला घेऊन लेनन-योकोनं ते ध्वनिमुद्रित केलं. कडवी म्हणजे भरभर बोललेली शब्दांची माळ, आणि ध्रुपद म्हणजे मोर्च्यातली घोषणा. ती घोषणा पुढे व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत हजारो लोकांनी दिली. फ्रिसेलच्या हाती घोषणेचं धुकं होतं. मी हे ऐकते ती जागा लष्करी छावणी आहे. सेनेच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय इथे चंडीमंदिरात आहे. बँडवर वाजणारी बिनशब्दांची गाणी ही इथली नित्याची गोष्ट, आणि ती कधीच बिनशब्दांची नसतात. 2022 मध्ये दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमधून ‘अबाइड विथ मी’ काढलं आणि कवी प्रदीपांचं, सी. रामचंद्रांच्या चालीतलं ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आणलं, तेव्हा केवढा वाद झाला. एक स्तोत्र ख्रिस्ती, परकं. दुसरं गाणं आपलं, 1962 च्या जवानांचं. भांडण सगळं शब्दांवरून, आणि विजय चौकात यातला एकही शब्द कुणी गात नाही. बँड फक्त चाल वाजवतो. चालीला चिकटलेले शब्द इतके पक्के असतात की सरकारलाही चाल बदलावी लागते.

म्हणून फ्रिसेलचा शेवट मला ‘इमॅजिन’सारखा पोकळ वाटत नाही. तिथे हरवलेलं व्याकरण परत आणता येत नव्हतं. इथली घोषणा ऐकणाऱ्याच्या तोंडी आधीच बसलेली आहे, आणि फ्रिसेल ती सावकाश, कुणालाही मोर्च्यात न ढकलता, एकेकट्याकडून म्हणवून घेतो. छावणीच्या शांततेत ती मनातल्या मनात म्हणताना थोडं इकडेतिकडे पाहिलं जातं, हे खरं.

ज्यांना लेनन फारसा ठाऊक नाही त्यांनी सुरुवात ‘नंबर नाइन ड्रीम’पासून करावी. 1974 च्या त्या गाण्याच्या ध्रुपदात लेननला स्वप्नात ऐकू आलेली अक्षरं आहेत, कुठल्याही भाषेतली नाहीत, अर्थ शून्य. आपल्याकडच्या तराण्याच्या बोलांची चुलत भावंडं म्हणा. तिथे लेननच शब्द सोडून बसला आहे, त्यामुळे फ्रिसेलला काही वगळावं लागलेलं नाही.