गाणारा कारकून

माणसाने एकच नोकरी धरावी आणि ती सोडू नये, असा आमच्या नागापूरचा शिरस्ता आहे. एमआयडीसीत भोंगा वाजला की आत जायचे, पुन्हा वाजला की बाहेर यायचे आणि मधल्या वेळात पीएफ किती साठला ते मोजायचे. हा धर्म सांभाळून मी एका कारखान्याच्या हिशेबखात्यात बत्तीस वर्षे काढली. त्यामुळे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे चरित्र वाचताना मला पहिली काळजी वाटते ती त्यांच्या वडिलांची.

जन्म बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा, ३१ मार्च १८४३. (हिशेबखात्यातला माणूस ही तारीख विसरूच शकत नाही!) पोराला शिकायला पुण्याला धाडले, तर ते नाटकवाल्यांना पदे लिहून देऊ लागले. पुढे स्वतःची नाटकमंडळी काढली, ती काही टिकली नाही. मग बेळगावात शाळामास्तर. मग पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी. मुलीच्या बापाने असे स्थळ दारातूनच परत पाठवले असते. आणि एवढे सगळे झाल्यावर, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, या गृहस्थांनी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक उभे केले. नाटक त्यांचे, पदे त्यांची आणि सूत्रधारही तेच. वय सदतीस! या वयात आम्ही सावेडीत प्लॉट मिळतो का ते पाहत होतो.

पण माझे म्हणणे असे, की या धरसोडीतूनच त्यांचे गाणे तयार झाले. अण्णासाहेब जन्मले त्याच साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले होते. त्या नाटकांत गायचे काम सूत्रधाराचे. राम शोक करणार, पण तो शोक गाणार सूत्रधार. म्हणजे पोट एकाचे दुखते आणि कण्हतो दुसराच. अण्णासाहेबांनी ज्याचे दुःख त्याच्याच गळ्यात पद घातले. मुंबईत त्रिलोकेकरांनीही साधारण त्याच सुमारास तसा प्रयत्न केला होता, पण महाराष्ट्राच्या अंगवळणी ही गोष्ट पाडली ती किर्लोस्करांनी.

आणि चाली कुठल्या? साकी, दिंडी, कामदा, ओवी, लावणी. घराघरात, देवळात, फडावर आधीच रुळलेल्या. चाल ओळखीची असली की कान तिच्यामागे धावत नाही, शब्दांकडे वळतो. वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणाऱ्या मास्तरला हे कळणारच. १८८२ चे ‘सौभद्र’ पाहा. थोरला भाऊ बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवून मोकळा, बहिणीचे मन अर्जुनावर आणि धाकटा भाऊ गालात हसत सगळे जुळवून आणतो. पात्रे द्वारकेची, पण वाडा आपल्या ओळखीचा! बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होऊन गात, तेव्हा प्रेक्षकांतल्या प्रत्येक काकूला आपल्या घरातले एखादे जमलेले किंवा मोडलेले लग्न आठवले असेल.

सगळेच गोड मानायचे कारण नाही. ‘शाकुंतला’त पदे दोनशेच्या आसपास आहेत. इतकी पदे म्हणजे लग्नाच्या पंगतीतला आग्रह. जिलबी उत्तम, पण पानात जागा कुठे आहे? ‘सौभद्रा’त वाढणाऱ्याचा हात आवरलेला दिसतो, आणि म्हणूनच ते जास्त पचले.

पुढे बालगंधर्वांच्या काळात पदाचे गायन झाले. त्याच्या रेकॉर्डी ऐकतच मी मोठा झालो, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू? पण हळूहळू पद नाटकातून उठले आणि मैफलीत जाऊन बसले. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात एका बाईंनी सुभद्रेचे गाऱ्हाणे चांगले बारा मिनिटे गायले. ताना लखलखीत, चेहरा हसरा. शेजारच्या आजोबांनी मला हळूच विचारले, “अहो, ही नक्की कोणावर रागावलीय?” सबंध मांडवात एवढा एकच समीक्षक होता. कोण, कोणाला, का बोलते आहे हे कळू नये, म्हणजे अण्णासाहेबांनी सूत्रधाराकडून काढून पात्राला दिलेले पद आपण पुन्हा पात्राकडून काढून घेतले. गाताना दोन वाक्यांत प्रसंग सांगायला कितीसा वेळ लागतो? एका तानेइतकाही नाही.

‘रामराज्यवियोग’ तीन अंकांवरच राहिले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब गेले, बेचाळिसाव्या वर्षी. जुन्या सवयीने मी हिशेब केला. ‘शाकुंतला’च्या त्या रात्रीपासून पाच वर्षे आणि दोन दिवस. आमच्याकडे एवढ्या नोकरीत माणूस जेमतेम ग्रॅच्युइटीला पात्र होतो. या कारकुनाची ग्रॅच्युइटी मात्र एकशे चाळीस वर्षे आपणच खात आहोत. निदान ती कशाबद्दलची, एवढे तरी व्हाउचरवर लिहीत जावे.