हाय टीला काय घालावं, हे कुणाला विचारावं लागतं?

‘हाय टीला काय घालावं, कसं वागावं’ हा आता लेखनाचा एक स्वतंत्र प्रकार झाला आहे. त्यावर रील्स आहेत, यूट्यूबवर ग्रूमिंगचे क्लास आहेत, हॉटेलांच्या वेबसाइटवर लेख आहेत आणि ऑफिसच्या सहलीआधी व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडणारी पीडीएफही आहे. मजकूर सगळीकडे साधारण सारखाच. कपडे फिक्या रंगाचे असावेत. टोकदार टाचा नकोत, हिरवळीत रुततात. नॅपकिन मांडीवर. ढवळताना किणकिण नको, करंगळी वर नको, फुंकर नको. आणि बशीत ओतून पिणं तर मुळीच नको.

हे लेखन मी बरंच वाचलं आणि पाहिलं आहे. एखाद्या कथेकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं तर काय दिसतं? यात कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि कुणाबद्दल गप्प बसलंय?

आधी त्याची बाजू मांडतो, कारण या रील्सना हसणं फार सोपं आहे. ज्यांच्या घरात काटे-चमचे पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांना ही माहिती शोधावी लागत नाही. ती शोधते राजूरच्या कॉलेजातून शिकून पुण्यात पहिल्या नोकरीला लागलेली मुलगी. निमंत्रणावर ‘हाय टी, साडेचार वाजता, स्मार्ट कॅज्युअल’ असं लिहिलेलं असतं आणि ‘म्हणजे नेमकं काय?’ हे विचारायला घरात कुणी नसतं. तिला दीड मिनिटाची रील फुकट उत्तर देते. एका वर्गानं घरातल्या घरात जपलेली माहिती अशी उघड्यावर येणं ही चांगलीच गोष्ट आहे.

अडचण पुढे सुरू होते. ही माहिती ‘शेकडो वर्षांची शाही परंपरा’ म्हणून सांगितली जाते, आणि ते खरं नाही. फिकट कपडे, छोटी सँडविचेस, तीन मजली ताटली हा प्रकार ‘आफ्टरनून टी’चा. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसबाईंनी तो रूढ केला, असं मानलं जातं. ‘हाय टी’ म्हणजे इंग्लंडातल्या गिरण्या-खाणींतून दमून आलेल्या कामगारांचं संध्याकाळचं जेवण: पाव, मांस, चीज आणि कडक चहा. जगभरच्या हॉटेलांनी पुढे दोन्हींची सरमिसळ केली, कारण ‘हाय’ हा शब्द भारी वाटतो. थोडक्यात, खऱ्या हाय टीचा ड्रेस कोड होता कामावरून आल्यावर अंगावर असतील ते कपडे.

बशीचंही तसंच. अठराव्या शतकातल्या युरोपात चहा बशीत ओतून पिणं सर्रास चालायचं. १९४६ साली जॉर्ज ऑर्वेलनं चहा कसा करावा यावर एक लेख लिहिला. बशीतून पिणं असभ्य का समजतात, हा प्रश्न त्यालाही पडला होता. आपल्याकडे तर शब्दच ‘कपबशी’ असा जोडीनं येतो, आणि गावच्या निवडणुकीत ते एक चिन्हही असतं. गरम चहा लवकर गार करायची ही साधी युक्ती. ती असभ्य ठरली, कारण ज्यांना लवकर कामाला जायचं असतं त्यांची ती सवय होती.

मागच्या जुलैत भंडारदऱ्याला अशाच एका हाय टीला मी होतो. मित्राच्या कंपनीची सहल होती. जलाशयाकडे तोंड केलेला व्हरांडा, समोर धुकं आणि आडवातिडवा पाऊस. पीडीएफ सगळ्यांनी वाचलेली दिसत होती, कारण पांढऱ्या पँटी आणि फिके ड्रेस बरेच होते. भंडारदऱ्याच्या पावसात पांढरी पँट घालणं हे धाडसच. पार्किंगपासून व्हरांड्यापर्यंत येईतो तिच्यावर गुडघ्यापर्यंत लाल चिखलाची नक्षी उमटली होती. इथल्या हवेचा ड्रेस कोड गावातल्या माणसाला बरोबर माहीत असतो: डोक्यावर प्लास्टिकचा कागद किंवा इरलं, आणि चिखलातून निभावेल अशी चप्पल.

त्या व्हरांड्यात सगळ्यात कडक ड्रेस कोड पाळणारा माणूस मात्र पाहुण्यांपैकी नव्हता. जवळच्याच वाडीतला, विशीतला एक मुलगा काळं जाकीट आणि गळ्यात बो बांधून ट्रे फिरवत होता. भर पावसात त्याचे बूट चकचकीत होते. त्यानं बसायचं नव्हतं, खायचं नव्हतं, आणि कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नव्हतं. ‘हाय टीला काय घालावं’ या प्रश्नाचं सगळ्यात तपशीलवार उत्तर त्याच्या अंगावर होतं. पण मी वाचलेल्या एकाही लेखात तो नाही.

समोरचं विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं आणि त्याला मुंबईच्या गव्हर्नरचं नाव दिलं गेलं. इथलं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली गेलं, तिथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. ट्रेमधल्या साखरेच्या वाडग्याचं या पाण्याशी असं जुनं नातं आहे. ते पाणी ज्या डोंगरांत साठलं, तिथली पोरं आज ती साखर वाढतात. शिष्टाचाराच्या लेखनाला अशा गोष्टी दिसत नाहीत, कारण त्याची नजर फक्त एका खुर्चीवर असते: परीक्षेला बसलेल्याच्या.

ती खुर्ची मराठी चहाच्या इतिहासातही आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी तिथे होती. गोपाळराव जोशींनी ती नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्कार पडला. पुढे टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, आणि १८९२ मध्ये रानड्यांनीही घेतलं. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत हे प्रकरण येतं. कपडे कोणते, चमचा कुठे ठेवला, असं कुणी विचारलं नाही. प्रश्न एकच होता: कुणाच्या हातचा प्यालात?

रानडे-टिळकांसारख्यांना एका कपाचा हिशेब द्यावा लागला, तर ज्यांच्या हाती काहीच नव्हतं त्यांचं काय? गावोगावच्या चहाच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळा कप असायचा. बहुतेक कान तुटलेला, बाहेर कोनाड्यात ठेवलेला, पिणाऱ्यानंच धुऊन ठेवायचा. तोही शिष्टाचारच होता, आणि कुठल्याही पीडीएफपेक्षा काटेकोर. भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातलं धामणगाव हे दया पवारांचं गाव. कुणी कुठे उभं राहायचं हे गावगाडा किती बारकाईनं ठरवतो, हे समजून घ्यायला त्यांचं ‘बलुतं’ (१९७८) वाचायला हवं.

घरातला मराठी हाय टी म्हणजे कांदेपोहे. तिथेही ड्रेस कोड आहे, ट्रे आहे, नजर कुठे ठेवावी याचा नियम आहे. गंमत अशी की इथे परीक्षा पाहुण्यांची नसते. ती असते चहा आणणाऱ्या मुलीची. पाहुणे सोफ्यावर रेलून बसतात, वाटेल ते विचारतात, पोहे संपवून ‘कळवतो’ म्हणतात. त्यांनी काय घालून यावं, असं सांगणारी रील मला तरी दिसलेली नाही.

हे सगळं शेजारीशेजारी ठेवलं की या लेखनाचा गाभा दिसतो. चहाचे नियम पाहुण्यासाठी नसतात आणि यजमानासाठीही नसतात. ते असतात त्या टेबलावर ज्याची ताकद कमी आहे त्याच्यासाठी. चित्रकार हुसेन अनवाणी आले म्हणून १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबनं त्यांना आत घेतलं नाही. चेन्नईच्या एका क्लबनं वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींना दारातून परत पाठवलं, तेव्हा २०१४ साली तमिळनाडूला त्याविरुद्ध कायदाच करावा लागला. न्यायमूर्ती होते, म्हणून कायदा झाला.

याची उलट बाजू पाहायची तर विधिमंडळाकडे पाहा. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकार विरोधकांना चहापानाला बोलावतं, आणि विरोधक बहुतेक वेळा पत्रकार परिषद घेऊन बहिष्कार टाकतात. त्यांनी काय घालून जावं याची चर्चा कधी होत नाही. ज्याला चहा नाकारता येतो, त्याला कपडे कुणी शिकवत नाही.

म्हणून नियम शिकू नका, असं मी म्हणणार नाही. बाबासाहेबांचा थ्री-पीस सूट आठवा. ज्यांनी काय नेसावं हे दुसरे ठरवत आले, त्यांच्यातल्या एकानं तो घालणं हे अनुकरण नव्हतं, दावा होता. तेच कपडे एकाच्या अंगावर आज्ञापालन असतात आणि दुसऱ्याच्या अंगावर बंड. तेव्हा नियम जरूर शिका, पण भाषा शिकतो तसे: कामापुरते, आणि आपली बोली न सोडता.

मला वाचायची आहे ती दुसरी पीडीएफ, बोलावणाऱ्यांसाठीची. निमंत्रणावर ‘स्मार्ट कॅज्युअल’ऐवजी ‘पाऊस असेल, चिखल असेल, सोयीचे कपडे घाला’ असं लिहावं. नवख्या माणसाला आधी हाक मारावी. कुणी बशीत ओतलं तर आपणही ओतावं. ट्रे धरणाऱ्याला नाव विचारावं आणि त्याच्याही चहाची वेळ ठरवून ठेवावी. पाहुण्याला आपल्या हातांचं काय करावं हा प्रश्न पडला, तर चूक यजमानाची समजावी.

ही यादी कुणी अजून लिहिली नसेल, तर कारण उघड आहे. ज्यांनी ती वाचायला हवी, त्यांना आपण कसं वागावं हे कधी शोधावंच लागलेलं नाही.