रोगकारक कवकांतील मीलनसंकेत आणि उग्रता : क्रिप्टोकॉकसविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे कवक माणसाच्या शरीरात यीस्टच्या, म्हणजे सुट्या गोलाकार पेशींच्या रूपात वाढते. शरीराबाहेर, अनुकूल परिस्थितीत, त्याच्या दोन पेशींचे मीलन होऊन कवकतंतू आणि बीजाणू निर्माण होतात. श्वासावाटे फुप्फुसात शिरलेले हे कवक प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या मेंदूपर्यंत पोहोचते. एचआयव्हीबाधितांमध्ये या कवकामुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणांच्या दाहाचे २०२० या वर्षाचे जागतिक अनुमान सुमारे १,५२,००० रुग्ण आणि १,१२,००० मृत्यू असे आहे.

मीलन घडविणारी संकेतयंत्रणा हीच रोग घडविणारी यंत्रणा होय, असे एक गृहीत या कवकावरील संशोधनात दीर्घकाळ वावरले. प्रस्तुत लेखात हे गृहीत कोणत्या पुराव्यावर उभे राहिले आणि तो पुरावा कितपत टिकतो, याची चिकित्सा केली आहे.

अल्फा प्रकाराचे वर्चस्व

१९७५ मध्ये क्वॉन-चुंग यांनी या कवकाचे लैंगिक जीवनचक्र उजेडात आणले. मीलनप्रकार दोन आढळले: ए आणि अल्फा. त्यानंतर तीनच वर्षांत क्वॉन-चुंग आणि बेनेट यांनी रुग्णांकडून व निसर्गातून मिळालेल्या नमुन्यांची मोजणी केली, तेव्हा अल्फा प्रकार ए प्रकारापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असल्याचे दिसले. पुढे १९९२ मध्ये मीलनप्रकार वगळता आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ समान अशी एक जोडी तयार करून ती उंदरांवर तपासण्यात आली. अल्फा अधिक उग्र ठरला. तेव्हापासून 'अल्फा म्हणजे उग्र' हे समीकरण रूढ झाले.

१९९२ चा प्रयोग काटेकोर होता, याविषयी दुमत नाही. दोष आहे तो त्यातून काढलेल्या व्यापक निष्कर्षात. ती जोडी सेरोटाइप डी गटातील होती आणि जगभरातील बहुसंख्य रुग्णांमध्ये आढळतो तो सेरोटाइप ए. नीलसेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सेरोटाइप ए मध्ये अशीच जोडी तयार केली, तेव्हा उंदरांमध्ये ए आणि अल्फा यांच्या उग्रतेत फरक आढळला नाही. २००५ मध्ये त्याहून निर्णायक पुरावा पुढे आला. सेरोटाइप डी मधीलच दोन निरनिराळ्या आनुवंशिक पार्श्वभूमींवर नव्या जोड्या घडविल्या असता एका पार्श्वभूमीवर अल्फा अधिक उग्र ठरला, तर दुसऱ्या पार्श्वभूमीवर दोन्ही प्रकार तुल्यबळ निघाले. म्हणजे मीलनस्थानाबाहेरील जनुके या फरकात सहभागी आहेत. एका जोडीवरून संपूर्ण जातीविषयी विधान करण्याची घाई तेरा वर्षांनी उघडी पडली.

अल्फाच्या संख्याधिक्याचाही वेगळा अर्थ लावता येतो. लिन, हल आणि हाइटमन यांनी २००५ मध्ये दाखविले की अल्फा पेशी अल्फा पेशींशीही मीलन करू शकतात. जोडीदार दुर्मिळ असताना बीजाणू निर्माण करण्याची ही सोय अल्फाचा प्रसार स्पष्ट करण्यास साहाय्यभूत ठरते. त्यासाठी उग्रतेचा आधार घेण्याची गरज उरत नाही. शिवाय बोत्स्वानामध्ये सेरोटाइप ए मधील ए प्रकार लक्षणीय संख्येने सापडला, त्यामुळे 'ए प्रकार जवळपास लोप पावला' ही समजूतही मागे पडली.

संकेतमार्गांचे विलगीकरण

गृहीताचा दुसरा आधार रेणवीय आहे. १९९७ मध्ये आल्स्पॉ, पर्फेक्ट आणि हाइटमन यांनी जीपीए-१ या जी-प्रथिनाचे जनुक निकामी केले. त्या पेशींची मीलनक्षमता गेली, मेलॅनिन आणि पेशीभोवतीचे संपुट घडविण्याची क्षमता घटली आणि उग्रताही कमी झाली. बाहेरून सायक्लिक एएमपी दिल्यावर हे दोष भरून निघाले. प्रयोग अभिजात म्हणावा असाच आहे. तथापि 'मीलन आणि उग्रता' असे एकत्र वाचताना त्या 'आणि'चा अर्थ अनेक वाचकांनी 'म्हणून' असा लावला. जीपीए-१ चा मार्ग मुख्यतः पोषणाची स्थिती हेरतो. उपासमारीची जाणीव मीलनालाही हवी आणि यजमानाच्या शरीरातील तगून राहण्यालाही हवी. एकाच विद्युतमंडलावर दोन दिवे असले, म्हणजे एका दिव्यामुळे दुसरा लागतो असे ठरत नाही.

हे दोन दिवे वेगळे करण्याचे काम पुढील प्रयोगांनी केले. फेरोमोनचा संदेश ग्राही प्रथिनापासून आत नेणारे जीपीबी-१ हे प्रथिन २००० मध्ये काढून टाकले असता मीलन बंद पडले, उग्रता मात्र अबाधित राहिली. त्याच साखळीतील सीपीके-१ या कायनेजबाबत २००३ मध्ये हेच आढळले. याउलट, सायक्लिक एएमपीच्या मार्गावर लगाम ठेवणारे पीकेआर-१ हे प्रथिन नष्ट केल्यावर संपुट अवाजवी मोठे झाले आणि कवक मूळ वाणापेक्षाही अधिक उग्र बनले (२००१).

रास-१ चे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके असून त्याची चर्चा व्हावी तेवढी झालेली नाही. हे प्रथिन नसलेली पेशी मीलन करू शकत नाही आणि ३७ अंश सेल्सिअसला वाढतही नाही. साहजिकच प्राण्यांमध्ये रोगही घडवीत नाही. येथेही मीलन आणि उग्रता सोबतच गेलेली दिसतात. परंतु फेरोमोनची साखळी कृत्रिमरीत्या चेतविल्यास मीलनाचा दोष दूर होतो, तापमानाचा दोष तसाच राहतो. सायक्लिक एएमपी देऊनही तो जात नाही. म्हणजे एकाच प्रथिनापासून किमान दोन स्वतंत्र वाटा फुटतात आणि रोगाच्या दृष्टीने कळीची वाट मीलनाची नाही.

ज्या कवकात मीलन खरोखरच रोगासाठी अटळ आहे, त्याच्याशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मक्यावरील काणी रोग घडविणाऱ्या उस्टिलॅगो मेडिसच्या एकट्या यीस्ट पेशी निरुपद्रवी असतात. दोन सुसंगत पेशींचे मीलन होऊन जो कवकतंतू तयार होतो, तोच वनस्पतीत शिरतो. क्रिप्टोकॉकसचे मीलन प्रयोगशाळेत खोलीच्या तापमानाला, नायट्रोजन कमी असलेल्या माध्यमावर, अंधारात घडवावे लागते. २००७ मध्ये कबुतरांच्या विष्ठेपासून केलेल्या माध्यमावरही ते जोमाने घडल्याचे दिसले. माणसाच्या शरीरातील उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही त्याला प्रतिकूल आहेत. वनस्पतिरोगशास्त्रातील नमुना येथे जसाच्या तसा लागू करणे म्हणूनच अनुचित ठरते.

तरीही मीलनाचा रोगाशी काहीच संबंध नाही, असे म्हणणे दुसऱ्या टोकाचे होईल. मीलनातून निर्माण होणारे बीजाणू फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचण्याइतके लहान असतात आणि त्यांपासून संसर्ग होऊ शकतो, हे २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. सेरोटाइप ए चे दोन्ही प्रकार एकत्र टोचले असता अल्फा पेशी मेंदूत अधिक प्रमाणात पोहोचतात. अशाच मिश्र संसर्गात फेरोमोनग्राहीद्वारे ए पेशींचा आकार वाढतो, असा २०१० चा निष्कर्ष आहे. संबंध आहे, पण तो मुख्यतः शरीराबाहेरचा किंवा मिश्र संसर्गापुरता आहे.

उपचाराच्या दृष्टीने

ही चिकित्सा शब्दच्छल ठरू नये, याचे कारण उपलब्ध औषधांची तुटपुंजी संख्या होय. अँफोटेरिसिन बी, फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल यांच्यावरच आजही उपचाराचा मुख्य भार आहे. मीलनसाखळीतील कवकविशिष्ट प्रथिने औषधाचे लक्ष्य म्हणून आकर्षक वाटतात. परंतु जीपीबी-१ आणि सीपीके-१ यांच्या प्रयोगांनी ती दिशा जवळपास बंद केली आहे. सायक्लिक एएमपीच्या मार्गात ढवळाढवळ करताना पीकेआर-१ चा इशारा ध्यानात ठेवावा लागतो; चुकीच्या बाजूने ढकलल्यास रोग वाढेल.

यांहून आशादायक ठरले ते कॅल्सिन्युरिन. टॅक्रोलिमस या द्रव्याने कॅल्सिन्युरिन रोखल्यास हे कवक २४ अंशांना तग धरते, ३७ अंशांना मात्र वाढू शकत नाही. अडचण अशी की टॅक्रोलिमस माणसाची प्रतिकारशक्तीही दडपते आणि हे रुग्ण आधीच त्या बाबतीत दुर्बळ असतात. प्रतिकारशक्तीवरील परिणाम कमी पण कवकविरोधी गुण शाबूत, अशी टॅक्रोलिमसची सुधारित आवृत्ती २०१९ मध्ये जुव्वाडी आणि सहकाऱ्यांनी मांडली. कॅल्सिन्युरिनचा मीलनातील कवकतंतूंच्या वाढीशी असलेला संबंध २००१ मध्ये दाखविला गेला. त्याचे औषधी महत्त्व त्याआधी चार वर्षे, १९९७ मध्येच, केवळ ३७ अंशांवरील वाढीच्या प्रयोगातून सिद्ध झाले होते.