योजनांच्या परिभाषेतील स्त्री

स्त्रियांच्या लघुउद्योगांना मिळणाऱ्या शासकीय साहाय्याची चिकित्सा बहुधा रकमेच्या अंगाने होते. त्या साहाय्याच्या भाषेकडे क्वचितच लक्ष जाते. परंतु योजनेची परिभाषा हे तिचे केवळ वेष्टन नव्हे. उद्योग करणाऱ्या स्त्रीचे शासनाशी नाते कोणते, हे त्या परिभाषेतच प्रथम ठरते.

‘महिलांना कर्ज दिले जाते’ हे योजनापत्रकांतील नेहमीचे वाक्य पाहावे. रचना कर्मणी आहे. देणारा अध्याहृत आहे आणि स्त्री चतुर्थीत, म्हणजे संप्रदानाच्या स्थानी आहे. तिला दिलेली संज्ञा ‘लाभार्थी’. विद्यार्थी, शरणार्थी यांप्रमाणे येथेही ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, मागणारा. वास्तविक कर्ज हा लाभ नसून व्यवहार आहे. ते व्याजासह फेडावे लागते आणि फेडण्याच्या क्रियेची कर्ती तीच स्त्री असते. व्यवहारातील एका पक्षाला याचकाचे नाव दिले, की त्याचे हक्क अनुग्रहासारखे भासू लागतात.

2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेचे उदाहरण याहून बोलके आहे. तारणाविना कर्ज ही तिची मोठी जमेची बाजू होय, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र 50,000 रुपयांपर्यंतच्या कर्जाला तेथे ‘शिशु’ म्हणतात. त्यापुढे ‘किशोर’ आणि ‘तरुण’. तारापूर औद्योगिक क्षेत्रालगतच्या कुंभवलीसारख्या गावात कामगारांना वीस वर्षे डबे पुरवणारी एखादी स्त्री कल्पावी. नवी शेगडी आणि भांडी यांसाठी तिने 40,000 रुपये मागितले, तर तिचे कर्ज ‘शिशु’ ठरेल. येथे वय मोजले जाते ते रकमेचे. अनुभवाला या संज्ञेत स्थान नाही.

याउलट 1959 साली गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन आरंभलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगात सभासद स्त्रिया परस्परांना ‘भगिनी’ म्हणतात आणि प्रत्येकजण मालकीची भागीदार असते. खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता त्यांना 1966 साली मिळाली. अर्थात कर्तृत्व आधी होते, शासकीय साहाय्य मागाहून आले. ‘बचत गट’ या रूढ शब्दातही बचत करणाऱ्या स्त्रियाच कर्त्या आहेत. उणीव इतकीच की तो शब्द काटकसरीशी थांबतो, उद्योगापर्यंत पोहोचत नाही.

शब्द बदलल्याने व्याजाचा दर उतरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि अर्जात कोणते प्रश्न विचारावयाचे, हे संज्ञेवरून ठरते. ‘लाभार्थी’स पात्रता विचारली जाते, ‘उद्योजिके’स धंद्याची उलाढाल, गिऱ्हाईक आणि गरज विचारावी लागेल. शासनाच्या वाक्यात ती स्त्री प्रथमेत येणे, ही केवळ व्याकरणाची बाब नव्हे.