‘गाभ्रीचा पाऊस’ आणि परभाषिक प्रेक्षक

परभाषेतील एखादा चित्रपट दूरदेशीच्या प्रेक्षकाला आपला का वाटतो, या प्रश्नास ‘मानवी भावना सर्वत्र सारख्याच’ असे उत्तर सामान्यतः दिले जाते. हे उत्तर खोटे नव्हे. परंतु अपुरे आहे. तेवढ्याने भागते, तर प्रत्येक चित्रपट सर्वत्र पोचला असता.

या दृष्टीने सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) विचारात घेण्याजोगा आहे. विदर्भातील कोरडवाहू शेती, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि वऱ्हाडी बोली अशी अगदी स्थानिक सामग्री असलेला हा चित्रपट रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखविला गेला. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकेला आपल्या नवऱ्याची, किसनाची, धास्ती वाटू लागते. ती त्याला चांगलेचुंगले खाऊ घालते. सासूला व लहानग्या दिनूला त्याच्या पाळतीवर ठेवते. भय येथे शब्दांपेक्षा कृतींतून प्रकट होते. म्हणूनच त्यास दुभाष्या लागत नाही. बापाच्या मागे चालणारे पोर पाहताना डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८) मधील ब्रूनो आठवतो. १९५२ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात आलेला तो इटालियन चित्रपटही आपल्याकडे असाच, कृतींच्या वाटेने, पोचला होता.

भट्टनायकाच्या ‘साधारणीकरणा’चा अर्थ पुष्कळदा विशेषाचा लोप असा घेतला जातो. येथे मात्र विशेष जितका नेमका, तितकी प्रतीती व्यापक, असे दिसते. किसनाऐवजी कोणीही एक ‘शेतकरी’ दाखविला असता, तर तो कोणाचाच झाला नसता.

तथापि काही हरवते, हेही मान्य केले पाहिजे. ‘गाभ्रीचा’ या शिवीत रागाबरोबर सलगीही आहे. शेतकरी पावसाला घरच्या माणसासारखा बोल लावतो. ‘द डॅम्ड रेन’ या इंग्रजी नावात शाप उरतो, सलगी उरत नाही. पुण्याच्या प्रेक्षकालाही ती पुरती लाभेल, असे नाही.

परंतु भाषा कळणे म्हणजे चित्रपट कळणे नव्हे. अकोल्याच्या जठारपेठेतील सुशिक्षित प्रेक्षकाला यातील शब्द बहुधा अडणार नाही. पण पेरणीनंतर आभाळाकडे पाहणाऱ्याची धास्ती त्याला रॉटरडॅमच्या प्रेक्षकाहून अधिक जवळची असेलच, असे खात्रीने म्हणवत नाही. परका प्रेक्षक निदान आपण परके आहोत हे जाणून लक्षपूर्वक पाहतो. ते लक्ष आपणही द्यावयास हवे. बोली आपली आहे, एवढ्यावर विसंबून चालणार नाही.