‘प्रॉक्सी वापरू नये’ एवढं लिहून भागतं का?

दिवाळीत घरी पवनीला होतो. गोसेखुर्दच्या पाण्यातल्या जड धातूंवर माझं काम आहे, धरण जवळच, त्यामुळे सुट्टीतही बाटल्या भरणं सुटत नाही. रात्री एक पेपर उघडायला गेलो तर प्रकाशकाने पैसे मागितले. कॅम्पसच्या वायफायवर तोच पेपर आरामात उघडतो. मग ग्रंथालयाने दिलेल्या लिंकवरून लॉगिन केलं आणि पेपर उतरवला. नंतर लक्षात आलं, आमच्या संस्थेच्या नेटवर्क-नियमावलीप्रमाणे मी आत्ता गुन्हा केला! त्यात लिहिलंय की कोणत्याही प्रकारचा प्रॉक्सी वापरणाऱ्याचं खातं बंद होईल. आणि ग्रंथालयाची ती लिंक म्हणजे प्रॉक्सीच.

प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुमची मागणी तो स्वतःच्या नावाने पुढे नेतो आणि उत्तर आणून देतो. प्रकाशक बहुतेकदा संस्थेचा आयपी पत्ता बघून दार उघडतात. ईझीप्रॉक्सीसारखी व्यवस्था पवनीत बसलेल्या मला संस्थेच्या पत्त्यावरून पुढे पाठवते. हॉस्टेलमध्ये मुलं ब्लॉक केलेली साइट बघायला जी फुकट प्रॉक्सी वापरतात, तीही हेच करते, फक्त परवानगी कुणाची आणि मधे बसलाय कोण, हे बदलतं. नियमावली नेमकं तेच विचारत नाही. तिने कृती सोडून साधनाचं नाव धरलंय. चाकूवर बंदी घालून स्वयंपाकघर चालवण्यासारखं आहे हे.

‘प्रॉक्सी बेकायदेशीर आहे का?’ हा प्रश्न मला ज्युनिअर्स नेहमी विचारतात. प्रॉक्सीच्या वापरावर सरसकट बंदी घालणारा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ वाचा. तिथे मुद्दा आहे तो नेटवर्कच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय केलेल्या वापराचा. तीच कृती अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केली तर कलम ६६ लागतं, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सगळा भार ‘परवानगी’ या एका शब्दावर. आणि ती परवानगी काय आहे, हे सांगायचं काम त्या दोन पानी नियमावलीचं. म्हणून तिच्या ढिसाळ भाषेवर मी एवढा चिडलोय.

ही काही कागदी कटकट नाही. २०१० मध्ये अ‍ॅरन स्वार्ट्झने एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोरमधले लाखो लेख स्क्रिप्टने उतरवले. अडवल्यावर त्याने आयपी पत्ता बदलला, मग लॅपटॉपचा मॅक पत्ताही. जेस्टोरने काही दिवस अख्ख्या एमआयटीचा प्रवेश तोडला. २०११ मध्ये खटला दाखल झाला आणि जानेवारी २०१३ मध्ये, २६ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. एमआयटीचं नेटवर्क तेव्हा पाहुण्यांनाही खुलं होतं. पुढे हॅल अ‍ॅबेल्सन यांच्या समितीने लिहिलं की त्याचा वापर अधिकृत होता की अनधिकृत, हे एमआयटीला ना सरकारी पक्षाने विचारलं, ना बचाव पक्षाने, आणि एमआयटीने स्वतःलाही विचारलं नाही. हा अहवाल पीएचडीला बसायच्या आधी एकदा वाचाच.

आता आपल्या बाजूकडे. ‘ज्ञान सर्वांचं, मग काय हरकत?’ हे मला अर्धंच पटतं. मागच्या वर्षी आमच्याकडे कुणीतरी मित्राचं लॉगिन घेऊन एका जर्नलचे अंकच्या अंक उतरवले. प्रकाशकाने संस्थेचा पत्ता बंद केला आणि थीसिस जमा करायला आलेली माझी एक सीनियर दोन दिवस ताटकळली. ज्याचं लॉगिन होतं, चौकशी त्याचीच झाली. फुकटच्या वेब-प्रॉक्सीत तर अजून एक गोची आहे. तुमचं पान तिच्या सर्व्हरवर उघडतं, त्यामुळे तुम्ही टाकलेला पासवर्ड तिथल्या माणसाला वाचता येऊ शकतो. कुलुपाचं चिन्ह दिसलं तरीही.

एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांच्या २०२० च्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये साय-हब ब्लॉक करायला सांगितल्यापासून प्रॉक्सीची चौकशी हॉस्टेलमध्ये वाढली आहे. इकडे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. पण ते केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. खासगी कॉलेजातला माझा मित्र आजही बाहेरच. त्याला मी लॉगिन देत नाही. लेखकालाच मेल टाकायला सांगतो, बहुतेक वेळा पीडीएफ येते.

संगणक केंद्राला मी लिहिलंय: ग्रंथालयाची लिंक बंदीतून वगळल्याचं नियमात लिहा, स्क्रिप्टने किती लेख उतरवलेले चालतात ते सांगा, आणि एखादी कामाची साइट ब्लॉक असेल तर कुणाला विचारायचं त्या माणसाचं पद आणि मेल द्या. उत्तर यायचंय. तोवर तुम्ही आपापल्या संस्थेची नियमावली शोधून बघा. आमची तर वेबसाइटवर सापडायलाच अर्धा तास लागला.